कूट ते रास अल-ऐन, १९१६ : मराठा पलटणींची कैदेतील पायपीट

१/
उल्हासनगरमध्ये पत्ता विचारला, की उत्तर आकड्याने सुरू होते. कॅम्प एक, कॅम्प दोन, कॅम्प तीन. महानगरपालिकेचे मुख्यालय, सेंट्रल हॉस्पिटल, स्टेशनसमोरचे महाविद्यालय हे सारे कॅम्प नं. ३ मध्ये येते. ४२१००३ या पिनकोडाचा शेवटचा आकडाही तेच सांगतो. येथे वाढलेल्या मुलाला ‘कॅम्प’ हा शब्द पेठ किंवा वाडी या शब्दांइतकाच घरगुती वाटतो. तो मुळात लष्करी शब्द आहे, हे पुष्कळदा उशिरा कळते.

२/
दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी ट्रान्झिट कॅम्प उभारला गेला. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. नगराला नाव मिळाले. आतल्या भागांना मात्र लष्करी काळाचे आकडेच राहिले.

३/
त्यानंतर चारच दिवसांनी, १२ ऑगस्ट १९४९ रोजी, युद्धकैद्यांच्या वागणुकीविषयीचा जिनिव्हा करार झाला. कैद्यांना एका जागेहून दुसरीकडे हलविताना पुरेसे अन्न, पिण्याजोगे पाणी, कपडे आणि औषधोपचार द्यावेत, असे त्याचे विसावे कलम सांगते. त्याच कलमात आणखी एक अट आहे : हलविलेल्या कैद्यांची यादी शक्य तितक्या लवकर तयार करावी.

४/
अन्न आणि पाण्याच्या शेजारी यादीची ही अट कोरडी, कारकुनी वाटते. कैद्याचे प्राण पाण्याने वाचतात, यादीने कसे वाचतील? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४९ पासून ३३ वर्षे मागे, टायग्रिस नदीच्या काठावरील आणखी एका कॅम्पात जावे लागते. त्या कॅम्पात कोकणातले आणि देशावरले शेकडो मराठी शिपाई कैदी म्हणून बसले होते.

५/
पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य जर्मनीच्या बाजूने उतरणार, अशी चिन्हे १९१४ च्या शरद ऋतूत दिसू लागली. इराणी आखाताच्या टोकाशी आबादान येथे ब्रिटिश हितसंबंधांचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. त्याच्या आणि आखाताच्या रक्षणासाठी हिंदुस्थान सरकारने सहावी डिव्हिजन, म्हणजेच पूना डिव्हिजन, पाठविली. तिची १६ वी ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून निघाली. नोव्हेंबर संपण्यापूर्वी बसरा ब्रिटिशांच्या हाती होते.

६/
या डिव्हिजनच्या तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती : १६ व्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा, १७ व्या ब्रिगेडमध्ये १०३ री मराठा लाइट इन्फन्ट्री आणि १८ व्या ब्रिगेडमध्ये ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ‘जंगी पलटण’ ही त्या १०३ रीची वारस. मेसोपोटेमियातील कामगिरीबद्दल ११७ वीला पुढे ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. उपाधी पलटणीला मिळाली. ती मिळवून देणाऱ्यांपैकी कित्येक तोवर वाळवंटात राहिले होते.

७/
जनरल चार्ल्स टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखाली ही डिव्हिजन नदीकाठाने वर सरकत गेली. प्रत्येक विजयानंतर बगदाद थोडे जवळ दिसे आणि रसदीची बोट थोडी लांब पडे. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे लढाई जुंपली. तेथे झालेली हानी इतकी होती, की माघारीवाचून मार्ग उरला नाही. ३ डिसेंबरला थकलेले सैन्य नदीच्या वळणावरील कूट-अल-अमारा या गावात परतले आणि काही दिवसांतच ऑटोमन फौजांनी त्याला वेढले.

८/
वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शिधा घटत गेला. अखेर घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. अनेक भारतीय शिपायांनी ते नाकारले. धर्मगुरूंनी परवानगी दिल्याचे निरोप हिंदुस्थानातून आले, तरी संकोच सुटेना. घरी परतल्यावर पंक्तीत कोण बसवून घेणार, हा त्यांचा प्रश्न उपासमारीहून लहान नव्हता. ताज्या भाजीवाचून आणि मांसावाचून राहिलेल्यांत स्कर्व्ही पसरला. पुढच्या पायपिटीत पाय उचलण्याची शक्ती ज्यांच्यात उरली नाही, त्यांची ती शक्ती प्रथम येथे खर्ची पडली होती.

९/
वेढा फोडण्यासाठी आलेल्या सैन्याचे सुमारे २३,००० जवान मारले गेले वा जखमी झाले. आत अडकलेल्यांची संख्या त्याहून कमी होती. अखेरीस टी. ई. लॉरेन्स आणि ऑब्रे हर्बर्ट यांना वाटाघाटींसाठी धाडण्यात आले. सुटकेच्या मोबदल्यात वीस लाख पौंडांपर्यंत रक्कम देऊ करण्यात आली. ऑटोमन सेनापती खलील पाशा यांनी ती नाकारली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूटने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसे एका दिवसात कैदी झाली.

१०/
कैद्यांना सन्मानाने वागविले जाईल, असे आश्वासन मिळाले होते. एका माणसाच्या बाबतीत ते पुरते पाळले गेले. टाउनशेंड यांना इस्तंबूलला नेण्यात आले आणि जवळच्या बेटावरील बंगल्यात त्यांची सोय झाली. कैदेत असतानाच ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ केले. त्यांचा ‘स्पॉट’ नावाचा कुत्राही ऑटोमनांनी सौजन्याने ब्रिटिशांकडे परत पाठविला, आणि तो सुखरूप इंग्लंडला पोहोचला.

११/
यानंतर कैद्यांची वाटणी झाली. हजाराहून अधिक आजारी आणि जखमी लोकांची अदलाबदल होऊन ते सुटले. अधिकाऱ्यांना बहुतांशी बोटींतून बगदादकडे नेण्यात आले. साधे शिपाई, ब्रिटिश असोत वा भारतीय, पायी निघाले. भारतीयांमध्ये धर्मावरूनही भेद करण्यात आला : मुसलमान कैद्यांना वेगळे काढून त्यांचे मन खलिफाकडे वळविण्याचा प्रयत्न झाला. कैदी कोण, यावर त्याची वाट ठरली, आणि वाटेवर त्याचे आयुष्य.

१२/
पहिला मुक्काम कूटच्या वरच्या अंगाला, शुमरान येथे होता. उपाशी माणसांच्या हाती तेथे ऑटोमन सैन्याची जाडीभरडी, दगडासारखी कडक बिस्किटे पडली. ज्यांनी ती पाण्यात भिजवून, थोडी थोडी खाल्ली ते वाचले. ज्यांना धीर धरवला नाही, त्यांची आतडी ते अन्न पेलू शकली नाहीत. शरणागतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच, एक पाऊलही न चालता, अनेकांनी प्राण सोडले.

१३/
६ मे १९१६ च्या सुमारास पायपीट सुरू झाली. मेसोपोटेमियातील मे महिना म्हणजे सावलीतही भाजून काढणारा उन्हाळा. आणि येथे सावली नव्हतीच. बगदादपर्यंतचे अंतर सुमारे १६० किलोमीटर. निरोगी सैनिकाला ते काही दिवसांचे काम. आमांशाने पोखरलेल्या, पाच महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाला तेच अंतर न संपणारे होते.

१४/
अशा वाटचालीत मृत्यू कसा येतो, हे समजून घेतले पाहिजे. तो बहुधा गोळीने येत नाही. आधी बूट जातात : पहारेकरी हिसकावून घेतो, किंवा शिपाई स्वतःच भाकरीच्या तुकड्यासाठी ते विकून टाकतो. मग पाण्याची बाटली जाते. तापलेल्या खडकाळ जमिनीवर तळवे फाटतात. आमांश झालेला माणूस वारंवार थांबतो, मागे पडतो. मागे पडलेल्याला बंदुकीच्या दस्त्याने किंवा चाबकाने उठविले जाते. एकदा तो उठत नाही. तांडा पुढे जातो.

१५/
पहाऱ्यावर असलेले सारेच क्रूर होते, असे नव्हे. कैद्यांना पाणी देणारे गावकरीही भेटले आणि त्यांचे कपडे उतरवून घेणारेही. बगदादमधील अमेरिकन वकिलातीने कैद्यांना पैसे आणि मदत पोहोचविण्याची खटपट केली. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती. परंतु कैद्याचे जगणे समोरच्या माणसाच्या स्वभावावर सोपविलेले असणे, हीच मुळात त्या व्यवस्थेची विफलता होती. दया मिळाली तर नशीब. हक्क म्हणून काहीच नाही.

१६/
बगदादमध्ये कैद्यांना रस्त्यांतून मिरविण्यात आले. विजयी सैन्याला आपला विजय दाखवायचा होता आणि दाखविण्यासाठी हाती होती ती चिंध्या ल्यालेली माणसे. तेथून समाऱ्यापर्यंत आगगाडी होती. समाऱ्याला रूळ संपत. पुढे तिक्रित, मोसुल, निसिबिन असे टप्पे घेत, आजच्या सीरिया-तुर्कस्तान सीमेवरील रास अल-ऐनपर्यंत पुन्हा पायी जायचे. तेथे पश्चिमेकडून येणारे रूळ सुरू होत.

१७/
आगगाडीचा टप्पा वगळला तरी पायी तुडविलेले अंतर ७०० किलोमीटरांहून अधिक भरते. कल्याणहून आगगाडीने वर्ध्याला जाताना जेवढा मार्ग कापावा लागतो, साधारण तेवढे. फिलिपिन्समधील बतान येथील १९४२ च्या मृत्युयात्रेचे नाव जगभर ठाऊक आहे. ती सुमारे १०० किलोमीटरांची होती. दुःखाची तुलना अंतराने होत नाही. तरी एका यात्रेला जगाने नाव दिले आणि दुसरीला, जिच्यात मराठी माणसे होती, मराठीत नावही नाही, एवढे नोंदविले पाहिजे.

१८/
ज्यांना चालणे अशक्य झाले, त्यांना वाटेवरील गावांत मागे ठेवण्यात आले. कागदावर ही सोय दयेची दिसते. प्रत्यक्षात मातीच्या झोपड्या, औषध नाही, अन्न गावकऱ्यांच्या मर्जीवर. त्याच वाटेने नंतर गेलेल्या काही ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिक्रितसारख्या ठिकाणी मागे राहिलेली ही माणसे पाहिली आणि पुढे आपल्या आठवणींत त्यांच्याविषयी लिहिले. या मोहिमेवरची बहुतेक इंग्रजी पुस्तके अधिकाऱ्यांची आहेत. चालणाऱ्यांचे चालणे जगाला कळले, ते बरेचसे न चाललेल्यांच्या लेखणीतून.

१९/
हे का घडले? सूड हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. पहिले कारण रुळांचे. बर्लिन-बगदाद रेल्वे अपुरी होती. टॉरस आणि अमानुस पर्वतांतील बोगदे पूर्ण व्हायचे होते; रास अल-ऐन आणि समारा यांच्यामधला वाळवंटी पट्टा तर कोराच होता. ऑटोमन राज्याने एका दिवसात १३,००० माणसांचा ताबा घेतला, आणि त्यांना हलविण्याचे व पोसण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

२०/
दुसरे कारण असे, की ते राज्य स्वतःच्या शिपायांनाही नीट पोसत नव्हते. अनातोलियातला शेतकरी-शिपाई याच वाटांनी फाटक्या पायांनी आघाडीवर जात होता. त्या युद्धात ऑटोमन सैन्यातील जेवढे शिपाई लढाईत मेले, त्यांहून अधिक रोगराईने मेले. आपल्या माणसाला जेथे बूट नाहीत, तेथे कैद्याला कोठून मिळणार, असा युक्तिवाद तेव्हाही झाला असेल.

२१/
तिसरे कारण सर्वांत काळे आहे. ही वाट कैद्यांच्या आधीच मृत्यूची वाट झाली होती. १९१५ पासून आर्मेनियन लोकांचे तांडे याच वाळवंटाकडे हाकले जात होते. १९१६ च्या वसंतात रास अल-ऐनच्या परिसरात हजारो आर्मेनियनांची कत्तल झाली. कूटचे कैदी तेथे पोहोचले ते त्यानंतर लवकरच. स्वतःच्या प्रजेला चालवून मारण्याची ज्या यंत्रणेला सवय जडली होती, तिच्या हाती परके कैदी आले होते.

२२/
ही कारणे घटना समजावून देतात. तिला माफी देत नाहीत. त्याच राज्याने सेनापतीसाठी बंगला आणि अधिकाऱ्यांसाठी बोट शोधली. अधिकाऱ्यांतही हाल झाले, मृत्यू झाले, परंतु त्यांचे प्रमाण शिपायांच्या मानाने फारच कमी होते. साधने थोडी होती हे खरे. पण थोड्या साधनांतून कोणाला वाटा द्यायचा, हा निर्णय माणसांचा होता, आणि तो दर टप्प्यावर नव्याने घेतला गेला.

२३/
दोष एकाच ध्वजाखाली शोधणे सोयीचे असते, म्हणून दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. अवघ्या पंधरा वर्षांपूर्वी, बोअर युद्धात, ब्रिटिशांनी दक्षिण आफ्रिकेत बोअर स्त्रिया आणि मुले छावण्यांत कोंडली. त्या छावण्यांत २६,००० हून अधिक माणसे रोगराईने दगावली. कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तेथील मृतांची मोजणी आणखी ढिसाळ. त्याच युद्धातील बोअर कैदी अहमदनगर आणि साताऱ्यातही आणून ठेवले होते. ‘कॅम्प’ हा शब्द तेव्हाच काळवंडला होता.

२४/
रास अल-ऐनला पोहोचलेल्या ब्रिटिश शिपायांना बहुतांशी पुढे अनातोलियाकडे नेण्यात आले. भारतीयांपैकी मोठ्या संख्येला तेथेच ठेवून कामाला लावले. काम कोणते? रेल्वेचे. निसिबिनच्या दिशेने रूळ पुढे न्यायचे होते. रूळ नव्हते म्हणून ज्यांना वाळवंट पायी तुडवावे लागले, त्यांच्याच हातांनी ते रूळ टाकून घेण्यात आले. युद्धकार्याशी संबंध असलेले काम कैद्यांकडून घेऊ नये, हा नियम १९०७ च्या हेग नियमावलीत लिहिलेला होता.

२५/
तेथे टायफसची साथ आली. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील बंगाली डॉक्टर कूटपासून कैदेत होते. सहकैद्यांवर उपचार करीत असताना १९१७ मध्ये त्यांचे रास अल-ऐन येथेच निधन झाले. त्यांनी घरी लिहिलेली पत्रे त्यांच्या आजी मोक्षदा देवी यांनी जपली आणि १९२८ मध्ये ‘कल्याण-प्रदीप’ या बंगाली ग्रंथातून प्रसिद्ध केली. एका वृद्ध स्त्रीने हट्ट धरला नसता, तर ती पत्रे पेटीतच राहिली असती.

२६/
दुसरा साक्षीदार शिशिरप्रसाद सर्वाधिकारी. बंगाल अँब्युलन्स कोरमधील हा तरुण शिपायांबरोबर चालला आणि रास अल-ऐन व अलेप्पो येथील रुग्णालयांत राबला. चालताना त्याने रोजनिशीची पाने फाडून बुटांत लपविली आणि पुढे त्यांवरून मजकूर नव्याने उभा केला. ‘आभि ले बगदाद’ हे त्याचे पुस्तक स्वातंत्र्यानंतर सुमारे दहा वर्षांनी निघाले. ज्या वाटेवर बूट हीच सर्वांत मोलाची वस्तू होती, त्या वाटेवर त्याने बुटांत कागद जपले.

२७/
बहुसंख्य मराठा शिपायांना लिहिता-वाचता येत नव्हते. रत्नागिरी किंवा साताऱ्याच्या खेड्यातून भरती झालेला गडी घरी पत्र धाडायचा, तेही दुसऱ्याकडून लिहवून घेऊन. त्याच्या बुटांत कागद नव्हते. त्याची नोंद दुसऱ्या कोणी केली तरच ती राहणार होती. येथेच त्या कोरड्या यादीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

२८/
हेग नियमावलीचे चौदावे कलम सांगत होते, की युद्ध सुरू होताच प्रत्येक राष्ट्राने कैद्यांविषयी माहिती देणारे कार्यालय उघडावे आणि प्रत्येक कैद्याची स्वतंत्र नोंद ठेवावी. ज्याचे नाव कोठेतरी लिहिलेले आहे, त्याच्याविषयी कोणीतरी विचारू शकते : शंभर निघाले, ऐंशी पोहोचले, वीस कोठे गेले? ज्याचे नाव लिहिलेले नाही, तो मेला तरी कोणावर जबाबदारी येत नाही. यादी प्राण वाचवते ती अशी. मारणाऱ्याला आणि दुर्लक्ष करणाऱ्याला ती हिशेब विचारते.

२९/
१९१८ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने तुर्कस्तानातील कैद्यांविषयीचा अहवाल संसदेपुढे ठेवला. युद्धभरात ऑटोमनांच्या हाती पडलेल्या ब्रिटिश आणि भारतीय कैद्यांची संख्या साडेसोळा हजारांच्या आसपास होती. त्यांपैकी सुमारे ३,३०० मृत म्हणून नोंदले गेले. आणखी २,२०० हून अधिकांचा माग लागला नाही. तेही मेले असेच मानावे लागले. या माग न लागलेल्यांत बहुसंख्य भारतीय होते. कूटला पकडलेल्या साध्या ब्रिटिश सैनिकांपैकी तर शंभरातले सुमारे सत्तर परतले नाहीत.

३०/
या संख्यांत आणखी एक गट दबलेला आहे. कूटला शिपायांबरोबर तीन हजारांहून अधिक ‘फॉलोअर्स’ कैद झाले होते : भिश्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाले, सफाई करणारे. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. पदक, बढती, पेन्शन या साऱ्या रांगांत ते शेवटी होते. वाळवंटात मात्र ते शिपायांच्या बरोबरीने चालले. अंतराने त्यांच्यात भेद केला नाही. भेद केला तो नोंदवहीने.

३१/
या मोहिमेचा राजकीय परिणाम झाला. १९१७ मध्ये मेसोपोटेमिया कमिशनने हिंदुस्थान सरकारच्या ढिसाळपणावर, विशेषतः वैद्यकीय व्यवस्थेच्या दुर्दशेवर कठोर ताशेरे ओढले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यू यांनी २० ऑगस्ट १९१७ ची प्रसिद्ध घोषणा केली. ही घोषणा पाठ्यपुस्तकांत आढळते. तिच्या पाठीमागच्या वाळवंटातला शिपाई सहसा आढळत नाही.

३२/
मृतांसाठी बसऱ्यात भव्य स्मारक झाले. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४०,००० हून अधिक जणांचे ते स्मारक. ब्रिटिश सैनिकांची नावे त्यावर कोरली गेली. भारतीय सैन्यातील अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. भारतीय शिपायांची मात्र रेजिमेंटनिहाय संख्या लिहिली गेली : अमुक पलटण, आणखी इतके शिपाई. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने आपल्या अहवालात अशी असमान वागणूक झाल्याचे मान्य केले आणि क्षमा मागितली.

३३/
हीच रीत गावांतही आली. सातारा जिल्ह्यात, कोकणात अनेक खेड्यांत युद्धानंतर संगमरवरी शिळा बसविण्यात आल्या : या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पुष्कळ शिळांवर दोन आकडे आहेत, नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. आजही ते ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. आकडा गावाने जपला. त्यामागची माणसे घराघरांच्या आठवणींत राहिली, तोवरच राहिली.

३४/
कायदा मात्र पुढे सरकला. १९२९ च्या जिनिव्हा करारात कैद्यांच्या पायी प्रवासाची मर्यादा लिहिली गेली : साधारणपणे दिवसाला २० किलोमीटर, अन्नपाण्याच्या ठिकाणी पोहोचण्यासाठीच त्याहून अधिक. आणि मग १९४९ चे विसावे कलम, त्याच्यातली ती यादी. हे नियम मोडले जातात, हे बतानने दाखविले आणि नंतरच्या युद्धांनीही. पण मोडण्यासाठी तरी नियम असावा लागतो. नियमाअभावी घडलेल्या गोष्टीला ‘दुर्दैव’ म्हणून मोकळे होता येते.

३५/
उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये आज जुन्या बराकींच्या जागी इमारती आहेत, दुकाने आहेत, स्टेशनकडे धावणारी गर्दी आहे. या भूमीवर आधी शिपाई उतरले आणि मग घर गमावलेली माणसे आली. छावणीतल्या आकड्यांखाली राहूनही त्या माणसांनी आपली आडनावे दुकानांच्या पाट्यांवर लिहिली आणि आकड्यांतून एक गाव घडविले. कूटच्या शिपायांना ती संधी मिळाली नाही. त्यांचा आकडा आकडाच राहिला.

३६/
गावाकडे गेल्यावर चावडीजवळ, देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या भिंतीवर अशी शिळा आहे का, ते पाहावे. तिचे छायाचित्र जरूर घ्यावे. पण तेवढ्यावर थांबू नये. गावातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशी बसून विचारावे : पहिल्या लढाईला कोण गेले होते, कोण परत आले नाही? एखादे नाव अजून कोणाच्या तरी ओठांवर असेल. ते वहीत, तारखेसह, लिहून ठेवावे. १०० हून अधिक वर्षे उशिरा का होईना, ती यादी पुढे सरकेल.